निषादाखालची रेघ

मत्सर मला नवा नाही. शेजारच्या तुकडीचा निकाल माझ्या तुकडीपेक्षा चांगला लागला की माझ्या पोटात दुखतं, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण स्वतःच्या बायकोवर, आणि तेही चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या गाण्यावरून जळणारा माणूस शिरूर तालुक्यात माझ्याखेरीज दुसरा झाला नसावा.

ते गाणं आमच्यापर्यंत आलं कसं, ते आधी सांगतो. मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत पॉइंट्समन, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे. आमच्या क्वार्टर्सच्या पलीकडे दगडी बंगल्यांची रांग होती आणि त्यातल्या शेवटच्या बंगल्यात मिस राहायच्या. अँग्लो-इंडियन घराणं, वडील आणि आजोबा इंजिन ड्रायव्हर. भावंडं एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेली, मिस मात्र दौंडलाच राहिल्या. इंग्रजी शाळेत शिकवायच्या, आणि उरलेल्या वेळात त्यांना एकच वेड होतं, जुन्या संगीताचं. जुनं म्हणजे सिनेमातलं नव्हे. तिकडच्या राजवाड्यांत आणि चर्चमध्ये तीनशे-चारशे वर्षांपूर्वी जे वाजायचं, ते. मी पाचवीत असताना त्यांनी माझ्या हातात रेकॉर्डर दिला. शिरूरला हा शब्द उच्चारला की लोकांना टेपरेकॉर्डर वाटायचा, म्हणून खुलासा करतो. ही लाकडी बासरीच, पण सरळ उभी धरायची आणि तोंडाशी शिट्टीसारखी खाच असलेली. त्याबरोबर मिसनी मला पाच रेघांवरची टिंबं वाचायला शिकवली. चुकलं की हाताच्या बोटांवर लाकडी पट्टी बसायची, तरी मी शिकलो.

पुढे शिरूरच्या हायस्कुलात मास्तर झालो, लग्न झालं, खोली घेतली, पण रविवारचं दौंड सुटलं नाही. सकाळची एसटी धरायची, न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून वरवंड, पाटस करत दौंड. चर्चमागच्या हॉलमध्ये आमची तालीम. आम्ही चौघं होतो. मिसच्या पुढ्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. त्यात त्या काळच्या तारांच्या पेटीचा आवाज निघणारं एक बटण होतं आणि त्या बटणासाठीच मिसनी तो घेतला होता. रिटायर झालेले गार्डकाका चेलोवर, म्हणजे गुडघ्यांत उभं धरायच्या थोरल्या व्हायोलिनवर. मालगाडीचा एक ड्रायव्हर व्हायोलिनवर, ड्यूटी नसेल तेव्हा. आणि मी. त्या काळी तिकडे सूर आजच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली लावायचे, म्हणून मिस आम्हालाही तसंच लावायला सांगत. बाहेर शंटिंगची गाडी आली की त्या हात वर करायच्या, आम्ही थांबायचो, डबे एकमेकांवर आपटून झाले की पुन्हा त्याच मापापासून, म्हणजे तालाच्या त्याच खंडापासून सुरू.

दरवर्षी नाताळच्या आधीच्या आठवड्यात चर्चमध्ये आमचा कार्यक्रम व्हायचा. ऐकायला रेल्वेची माणसं, कॉन्व्हेंटच्या सिस्टर, मिसचे जुने विद्यार्थी. त्यात दरबारी नाच असायचे, एक-दोन भजनासारख्या रचना असायच्या, आणि सगळ्यात शेवटी तो विलाप.

तो विलाप माझा होता. इटलीतल्या कुणा बाईचं नवऱ्यासाठीचं रडणं. खाली चेलोवर चारच सूर, पायऱ्या उतरल्यासारखे, सा नी ध प, पुन्हा सा नी ध प, शेवटपर्यंत तेच. गार्डकाका म्हणायचे, "नोकरीत पण हेच केलं मी. तोच रूट, तेच स्टेशन." आणि त्या चार सुरांच्या वर एक लांब, वळणावळणाची चाल. मिस सांगायच्या की त्या काळी अशी चाल अमक्यानेच म्हणावी असं काही नसे. गाणारं कुणी असेल तर गावी, नसेल तर बासरीवर घ्यावी. आमच्यात गाणारं कुणी नव्हतं, म्हणून सहा वर्षं ती मी वाजवत होतो. ती संपली की चर्चमध्ये क्षणभर कुणी टाळी वाजवायचं नाही. त्या क्षणासाठी मी वर्षभर चौफुल्याला एसटीची वाट बघत उभा राहायचो.

एकच काटा होता. त्या चालीत प्रत्येक ओळ दोनदा यायची. मिस म्हणायच्या, "लिहिणारा फक्त हाडं लिहितो, मॅन. मांस वाजवणाऱ्याने भरायचं. सेकंड टाइम काहीतरी नवीन आण." मी काही आणू शकायचो नाही. कागदावर जे होतं ते मी अचूक वाजवायचो, पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदाही. एका रविवारी मिस चिडल्या. "तू वाजवतो का टाइप करतो?"

ते वाक्य माझ्या बायकोसमोर बोललं गेलं, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं.

ती वरवंडजवळच्या एका वस्तीवरची. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी विहीर पाडली आणि एका जागी पाय रोवले. एरवी रविवारी ती माझ्याबरोबर एसटीत बसायची, वरवंडला माहेरी उतरायची आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत चढायची. त्या रविवारी माहेरचे सगळे लग्नाला गेले होते म्हणून ती दौंडपर्यंत आली. बाजारातून घेवडा घेतला आणि हॉलच्या मागच्या बाकावर शेंगा मोडत बसली. मिसचं वाक्य ऐकून तिने मान वर केली आणि सहज विचारलं, "दुसऱ्यांदा जरा वळवून घ्यायचं, असं म्हनायचंय का बाईंला?"

मिसनी विचारलं, "वळवून म्हणजे कसं?"

बायको माझ्याकडे बघून जरा संकोचली. मग मांडीवरच्या शेंगा तशाच ठेवून तिने मी आत्ताच वाजवलेली ओळ शब्दांवाचून गुणगुणली. एकदा साधी. दुसऱ्यांदा मधल्या सुरावर जरा थांबली, खालून एक हेलकावा घेतला आणि परत जागेवर आली. मग म्हणाली, "दळताना दुसरी ओवी पहिलीवानी कोन म्हनतं? तेवढ्यात झोप लागंल की."

ड्रायव्हरने व्हायोलिन खाली ठेवलं. गार्डकाकांनी "वा" म्हटलं. मिस उठल्या, मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "अगेन." मी त्यांच्याकडे तेवीस वर्षं शिकलो होतो. माझ्यासाठी त्या कधी कीबोर्डवरून उठल्या नव्हत्या.

मी हसलो. काय करणार? "हिला काय, माहेरी ओव्या म्हणायची सवय," असं काहीतरी बोललो. आतून मात्र मी जळलो. साधा शब्द आहे, साधाच वापरतो.

पुढच्या रविवारी मिसनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यानंतर ती वरवंडला उतरेनाशी झाली. मी सगळं टिपून ठेवत होतो, एखाद्या हिशेबी सासूसारखं. मिस तिला चहा स्वतःच्या निळ्या कपातून द्यायच्या, आम्हाला स्टीलचे पेले. गार्डकाका तिच्यासाठी खुर्ची पुसायचे. इटालियन शब्द मिसनी तिला देवनागरीत लिहून दिले आणि अर्थ सांगितला. नवरा सोडून गेलेली बाई समुद्रकाठी उभी आहे वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ती त्याला शिव्या कशी न्हाई देत?" यावर मिस इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. तेवीस वर्षांत मी मिसना एवढं हसवलं नव्हतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून हळू आवाजात ओळी म्हणायची आणि मध्येच मला विचारायची, "हे बराबर हाय का वो?" बरोबरच असायचं. मी म्हणायचो, "ठीक आहे. लय जरा सांभाळ." लयीत काही खोट नव्हती. खोट काढल्याशिवाय मला राहवत नव्हतं, एवढंच.

दिवाळीनंतर मिसनी जाहीर केलं की या वर्षी विलाप ती गाईल. मी दुसऱ्या रेकॉर्डरवर खालची, भरीची ओळ वाजवायची. शिवाय या वर्षी पुण्याहून एक जाणकार बाई कार्यक्रम ऐकायला येणार होत्या. पुढल्या फेब्रुवारीत पुण्यात अशा जुन्या संगीताचा एक मोठा कार्यक्रम ठरत होता आणि त्यांना आवडलं तर आम्हालाही बोलावणं येणार होतं. मिसनी चाळीस वर्षं त्या हॉलमध्ये काढली होती. आमचं वाजवणं दौंडबाहेरच्या कुणी जाणत्या कानाने ऐकावं, हे त्यांचं एकच मागणं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू ग्रेट टीचर आहे, मॅन. तिला पूर्ण गाणं सारेगममध्ये लिहून दे."

बायकोला पाच रेघांचं वाचता येत नव्हतं. सारेगम मात्र यायचं. वरवंडला भजनात पेटी वाजवणाऱ्या तिच्या चुलत्याने लहानपणीच शिकवलं होतं. मी गुरुवारी घरी बसून फुलस्केप कागदावर निळ्या पेनाने सगळी चाल उतरवली. मन लावून लिहिली, खोटं का सांगू. शेवटी एक आठ मापांचा तुकडा होता, फक्त गळ्यासाठी. रेकॉर्डरवर आम्ही तो नेहमी गाळायचो, त्यामुळे तिने तो कधी ऐकला नव्हता. त्या तुकड्यात शेवटचा शब्द संपताना निषादावरून वरच्या षड्जावर जायचं होतं. खाली चेलो उतरताना कोमल निषाद घेतो, पण वर चढताना गळ्याने शुद्ध घ्यायचा. सगळ्या विलापाचा जीव त्या एका सुरात आहे. मी शुद्धच लिहिला. मूळ कागदाशी ताडून बघावा म्हणून तो फुलस्केप हजेरीपुस्तकात घातला आणि शाळेत घेऊन गेलो.

शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर मोठ्याने म्हणाले, "काय सर, वहिनी गातात म्हणे दौंडला! माझी मेव्हणी सांगत होती, फार गोड गळा. मग तुम्ही काय करता तिथे? पिशवी धरता का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग सगळे गेले, मी हजेरीपुस्तक पूर्ण करायला मागे राहिलो. हातात हजेरीचं काळं पेन होतं. कागद समोर होता.

सारेगममध्ये एखाद्या स्वराखाली आडवी रेघ दिली की तो कोमल होतो. त्या शेवटच्या निषादाखाली मी रेघ दिली. तांदळाच्या दाण्याएवढी. मग पेनाला टोपण घातलं आणि घरी गेलो. तिने ओले हात पदराला पुसले, कागद घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, "किती सुबक लिव्हलंय."

मी काय विचार केला होता, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. ती चुकेल, मिस तिला चार शब्द सुनावतील, आणि निळा कप एखाद्या रविवारपुरता कपाटात जाईल, इतकंच डोक्यात होतं. आपण स्वतः लिहिलेला कागद उद्या कुणी मागून बघू शकतं, हेसुद्धा मला सुचलं नाही. जळणाऱ्याला धूर दिसत नाही.

तीन आठवडे गेले. रोज वाटायचं, सांगावं की अगं, तिथे चुकून रेघ पडली आहे. सांगणं सोपं होतं. पण मी घरात असताना ती तो तुकडा कधी म्हणायचीच नाही, मग विषय निघणार कसा, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं चाललं होतं. ती कागदाची घडी काढताना दिसली की मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरायचो.

कार्यक्रमाआधीच्या रविवारी पहिल्यांदा सगळं गाणं शेवटपर्यंत म्हणायचं ठरलं. ती उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतलेला, हात पोटाशी धरलेले. काय गायली! दुसऱ्यांदा येणाऱ्या ओळी तिने अशा भरल्या की खालची ओळ वाजवताना माझा श्वास दोनदा चुकला. ते ऐकून माझा राग वाढला, तेही सांगून टाकतो. मग शेवटचा तुकडा आला. ती निषादावर गेली, आणि तो कोमल लागला. वर मिसच्या कीबोर्डवर शुद्ध, गळ्यात कोमल. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं.

मिस थांबल्या. "पुन्हा." पुन्हा कोमल. मिसनी सूर वाजवून दाखवला, स्वतः म्हणून दाखवला. तिने मान डोलावली आणि पुन्हा कोमलच लावला. मिस गोंधळल्या. "एवढा चांगला कान, आणि हा एक सूर? कागद दाखव. कागदात काय लिहिलंय?"

कागद तिच्या पिशवीत होता. शिरूरच्या स्टँडवर तिने तो डब्याशेजारी ठेवताना मी पाहिलं होतं.

"कागद घरी ऱ्हायला, मिस," ती म्हणाली.

माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी मनात म्हटलं, घाबरली असेल. कागद हाताशी असूनही चुकते हे उघडं पडायला नको असेल. माणसाला स्वतःपुरतं सोयीचं तेवढं पटकन पटतं.

चौथ्यांदाही तेच झालं तेव्हा तिने हात जोडले. "मला न्हाई जमायचं. ह्यांनाच द्या. ह्यांचं पाठ हाय, सहा वर्सं वाजिवत्यात." मिसनी तिला खूप समजावलं. ती हटली नाही. मिस शेवटी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पुढ्यातलं शेवटचं पान मिटलं. मग मला म्हणाल्या, "ओके. तू वाजव. शेवटचा तुकडा गाळू, नेहमीसारखा."

मला माझी चाल परत मिळाली. मी खूश झालो का? झालो. त्या दिवशी चौफुल्यापर्यंत मी खूश होतो. पुढे न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा ती पिशवी मांडीवर घट्ट धरून झोपली होती, आणि मी उगाच तिकिटाच्या घड्या घालत राहिलो.

कार्यक्रम झाला. चर्चमध्ये मेणबत्त्या, पुढच्या बाकावर पुण्याच्या बाई, आणि मागे भिंतीशी सिस्टर लोकांच्या शेजारी माझी बायको, लग्नातली जांभळी साडी नेसून. ती साडी तिने या दिवसासाठीच इस्त्री करून ठेवली होती. मी विलाप वाजवला. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. नेहमीसारखा तो क्षणभराचा शांतपणा आला, मग टाळ्या.

नंतर हॉलमध्ये केक आणि चहा होता. पुण्याच्या बाई माझ्याजवळ आल्या. "फार स्वच्छ वाजवता तुम्ही," त्या म्हणाल्या. पोर्च धुतलेला आहे असं सांगावं तसं म्हणाल्या. मग मिसकडे वळल्या. "पण शेवट का गाळलात? तिथेच तर ती बाई खरी रडते. तुमच्याकडे गाणारं कुणी नाही का? असतं तर मी डोळे मिटून बोलावलं असतं."

मिस म्हणाल्या, "नाही. कुणी नाही." भिंतीशी उभी राहून माझी बायको सिस्टरांना केकच्या बशा देत होती. ते वाक्य तिला ऐकू गेलं. तिने बशा देणं थांबवलं नाही.

पुण्याहून पत्र आलं नाही. येणार नव्हतंच.

जानेवारीत एका सकाळी मी शाळेला निघालो आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की चष्मा राहिला. परत फिरलो. आमच्या खोलीमागे धुण्याचा दगड होता. तिथून आवाज येत होता. ती कपडे आपटत विलाप म्हणत होती. इटालियन शब्द, मध्ये कपड्याचा फटका, पुन्हा शब्द. मी भिंतीशी थबकलो. ती शेवटच्या तुकड्यावर आली. मी तो तुकडा गळ्यातून पूर्ण कधी ऐकलाच नव्हता. ती निषादावर चढली, तिथे जरा रेंगाळली, आणि तो शुद्ध होता. इतका शुद्ध की बादलीपाशी उभी राहिलेली शेजारीण हातातला तांब्या धरून तशीच उभी होती. मग बायको षड्जावर गेली आणि दुसरा कपडा घेतला.

शेजारीण आत गेल्यावर मी पुढे झालो. "तुला येतंय की," मी म्हणालो. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा चढा निघाला. "मग तिथे का नाही गायलीस? चार वेळा?"

तिने माझ्याकडे बघितलं. कपडा पिळून बाजूला ठेवला, हात झटकले आणि आत गेली. मी मागोमाग गेलो. तिने फळीवरचा पिठाचा डबा उचलला. त्याच्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून तिने तो फुलस्केप काढला आणि माझ्यासमोर ओट्यावर सरळ करून ठेवला.

"समदं निळं हाय," ती म्हणाली आणि ओलं बोट खाली नेत नेत शेवटच्या ओळीवर आणलं. "ही रेघ तेवढी काळी."

मी चष्म्याशिवायच वाकून ती रेघ बघितली.

"हजेरीचं पेन हाय न्हवं ते? मी पैल्या दिशीच बघितलं. आन् नसतं बघितलं तरी कळलं असतं. सूर घरला निघालाय तिथं, अर्ध्या वाटंतनं माघारी कसा वळंल?"

"मग बरोबर गायचं होतंस. कोणाला कळलं असतं?"

"तुम्हाला कळलं असतं, मला रेघ दिसली त्ये," ती म्हणाली. "आन् मिसनं कागद बघितला असता तर तिलाबी कळलं असतं, म्हून घरी ऱ्हायला म्हनले. तेवीस वर्सांचा इद्यार्थी तिचा." तिने पदराने ओट्यावरचं पाणी टिपलं, कागदाला लागू नये म्हणून. मग शांतपणे म्हणाली, "तुम्हाला ती चाल परत पायजे व्हती. मागितली असती तर दिली असती की वो. रेघ कशाला मारायची?"

ती परत धुण्याकडे गेली. मी चष्मा न घेताच शाळेत गेलो आणि दिवसभर पोरांच्या वह्या न वाचता तपासल्या.

पुढच्या रविवारी मी मिसकडे एकटाच गेलो आणि सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं, किंबहुना त्यांनी ओरडावं असंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, "ती मुद्दाम चुकते, हे मला कळलं होतं, मॅन. असा कान चार वेळा चुकत नसतो. फक्त का, ते कळत नव्हतं." मग उठून त्यांनी निळा कप धुतला आणि कपाटात आत ठेवला. पुढे त्यांनी तिला दोनदा निरोप धाडला. तिने दोन्ही वेळा सांगितलं, "आता न्हाई." कारण दिलं नाही. दोन-तीन वर्षांत गार्डकाका गेले, ड्रायव्हरची बदली झाली, आणि मिस शेवटी भावाकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या. जाताना त्यांनी रेकॉर्डर आणि सगळे जुने कागद ठेवायची लाकडी पेटी माझ्या स्वाधीन केली. माझ्या, तिच्या नव्हे, आणि त्या वेळीही मला त्याचा थोडा आनंद झालाच.

त्या जानेवारीत मात्र मी एक गोष्ट केली होती. नवा फुलस्केप घेतला आणि सगळी चाल पहिल्यापासून लिहून काढली, निळ्या पेनाने, शेवटच्या निषादाखाली काही न देता. तिच्या हातात दिला. तिने वरपासून खालपर्यंत बघितला. "आता कशाला? पाठ हाय मला," म्हणाली, आणि तो नवा कागद पिठाच्या डब्याखाली अंथरला.

ती अजून गाते, धुताना, भाजी निवडताना. दुसऱ्यांदा वळवून घेते. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकतो आणि अजूनही आधी जळतो, मग ऐकतो. त्या क्रमात काही फरक पडलेला नाही.

काळ्या रेघेचा तो जुना कागद तिच्या ट्रंकेत आहे, लग्नातल्या जांभळ्या साडीच्या घडीत. मागितला तर ती देईल. मी अजून मागितलेला नाही.